शकूच्या घरातली बाळंतीण

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात केसाळ, गळ्यात पट्टा घातलेली कुत्री दिसायला लागली, की उद्या चौलला डॉक्टर येणार हे शेंबड्या पोरालाही कळायचं. एरवी इथली कुत्री म्हणजे मासळीच्या टोपलीभोवती घुटमळणारी, कान फाटलेली. ही पाहुणी मात्र टेम्पोतून यायची. ताडपत्री बाजूला झाली की एकेक खाली उतरायची आणि दादू नाखव्याच्या बोटीवर कामाला असलेल्या प्रत्येक खलाशाच्या घरी वाटली जायची. दोन दिवस ठेवायची, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि टेम्पो परत आला की निमूट द्यायची. तीन वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बोट नाखव्याची, त्यामुळे नाखव्याचं काम म्हणजे घरचं काम. त्याच्या मुलीच्या लग्नात अख्ख्या आळीने मसाला कुटला होता, तशीच आता कुत्री सांभाळायची.

कुत्री होती नाखव्याच्या धाकट्या मुलाची, विनेशची. विनेशला समुद्र कधी मानवला नाही. दोनदा बोटीवर गेला, दोन्ही वेळा ओकून अर्धमेला होऊन आला. मग त्याने बापाची चौलची सुपारीची वाडी धरली आणि वाडीच्या पाठीमागे पत्र्याचे पिंजरे घालून जातिवंत कुत्र्यांची पैदास सुरू केली. रीतसर सरकारी नोंदणी केली. नोंदणी म्हटली की नियम आले. मादीची वर्षातून एकच वीण घ्यायची, आठ वर्षांच्या पुढे तिला सोडून द्यायची, पिंजरा एवढा रुंद हवा, पाणी हवं, सावली हवी. आणि दर वर्षी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर येऊन हे सगळं पाहून अहवाल लिहिणार. पाहणीची तारीख विनेशला आधी कळायची. कशी, ते विचारायचं नसतं.

अहवाल दर वर्षी उत्तम यायचा. जागा स्वच्छ, पाणी मुबलक, माद्या सहा, सगळ्या निरोगी. विनेश त्याचा फोटो काढून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवायचा, आणि सरकारी शिक्का बघून गिऱ्हाइकं डोळे मिटून पिल्लं न्यायची. कागद खोटा होता असं म्हणवत नाही. त्यात लिहिलेलं सगळं त्या दिवशी तिथे होतंच. जे तिथे नव्हतं, ते रेवदंड्यात सुक्या बोंबलांच्या वासात बसलेलं होतं.

आता शकूकडे वळू. शकू या सगळ्या लपवाछपवीत होती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिचा नवरा सदा हा नाखव्याच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात. त्यामुळे टेम्पो पहिला तिच्याच दारात थांबायचा. आदल्या वर्षी तिच्याकडे आलेल्या एका पांढऱ्या झिपऱ्या कुत्र्याने मांडवावर वाळत घातलेले बोंबील ओढले, तर शकूने त्याला झाडूने बडवलाही होता. कुत्र्यांविषयी तिला फार माया होती अशातला भाग नाही.

शकू मूळची आगरदांड्याची. जेट्टीवर दिघीच्या बोटीसाठी थांबलेल्या माणसांना चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकत ती मोठी झाली, आणि वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला नको असलेली चिंबोरी कशी घ्यायला लावायची, हे तिथेच शिकली. लग्न होऊन इकडे आली तरी तोंड तेच राहिलं. एकदा अलिबागच्या रिक्षावाल्याने मासळीच्या टोपलीला वास येतो म्हणून तिला उतरायला सांगितलं. ती उतरली नाही. मागच्या प्रवाशांना तिने बाजूला सरकायला लावलं, टोपली मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चल. नायतर मी हितंच बाजार लावतंय." रिक्षा अलिबागला गेली, टोपलीसकट.

पण या तोंडाळ बाईची एक गोष्ट अख्खा कोळीवाडा मानायचा. साक्षीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या वेळी, बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा सासूने तिला जवळा निवडायला उन्हात बसवलं होतं. मासळी भरपूर आली होती, हात कमी होते. शकूला ताप भरला, दूध आटलं, आणि ती मरता मरता वाचली. सासूशी ती पुढे कधी त्यावरून भांडली नाही. मात्र घर आपल्या हाती आल्यावर तिने नियमच करून टाकला, की आपल्या घरात बाळंत झालेल्या बाईला बारा दिवस कुणी उठवायचं नाही. तिच्या दोन पुतण्यांच्या बायका तिच्याकडे बाळंत झाल्या. शेजारच्या मनुबाईची सून माहेर लांब म्हणून तिच्याकडे आली. कुणाची सासू न्यायला आली की शकू दारातच उभी राहायची आणि आलेली माणसं चहा पिऊन परत जायची.

या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोटी पाण्यात उतरल्या, बोंबील यायला लागले, आणि एका दुपारी टेम्पो आला. शकूच्या वाट्याला आली एक पिवळट रंगाची मोठी लॅब्राडोर. तोंडावरचे केस पांढरे झालेले, नखं वाढून वाकलेली, थानं लोंबलेली. टेम्पोवाला म्हणाला, "जुनी आहे. बसून बसून जाड झाल्येय." ती उतरली आणि मांडवाकडे ढुंकूनही न बघता पडवीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी पडली. बोंबलांकडे न बघणारं कुत्रं शकूने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने पाण्याचं भांडं जवळ सरकवलं आणि आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौलला पाहणी सुरू झाली आणि इकडे ती कुत्री जाळी उकरायला लागली. उकरायची, गोल फिरायची, धापा टाकत बसायची. मनुबाई सहज डोकावली आणि तिने कपाळाला हात लावला.

"शकू, ही जाड न्हाय झायली. ही व्यायला आयलीय गो."

शकूने विनेशला फोन लावला. पलीकडून कुजबुज आली. "मावशी, आत्ता नको ना यार. डॉक्टर समोर उभ्या आहेत. दार लावून घे, काही होत नाही." आणि फोन बंद.

एक पिल्लू झालं. दुसरं झालं. तिसरं मात्र अडलं. कुत्री कळा देऊन देऊन दमली आणि तिने मान टाकली. तिच्या तोंडातून आवाजही निघत नव्हता. इतक्या वर्षांच्या पिंजऱ्यात ओरडून काही होत नाही, हे ती बहुतेक शिकली असावी. शकू तिच्या डोक्याशी बसली होती, आणि आतापर्यंत तिला या जनावराबद्दल जे वाटलं नव्हतं ते सगळं एकदम वाटायला लागलं. तिने पुन्हा फोन लावला.

"विनेश, ती अडलीय. मरल ती."

"जुनीच आहे ती, मावशी. मेली तर मेली. पिल्लं तेवढी नीट ठेव, संध्याकाळी टेम्पो पाठवतो."

शकूच्या डोक्यात तिडीक गेली. त्या क्षणी विनेश समोर असता तर आदल्या वर्षीचा झाडू पुन्हा हातात आला असता. तिच्या दोन शेळ्या होत्या. शेळ्यांना टोचायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. तिने तो लावला, आणि ज्या डॉक्टरला फोन लावायचा नाही म्हणून सारी आळी दारं लावून बसली होती, तिलाच म्हणाली, "बाय, रेवदंड्याला या. कुत्री अडलीय. बिगीबिगी या."

डॉक्टर प्रांजली साळवी तेव्हा विनेशच्या वाडीत अहवालावर सही करून चहा पीत होत्या. विनेश शेजारीच उभा होता. "रेवदंडा, कोळीवाडा, कुत्री" एवढे तीन शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याचा रंग उडाला. डॉक्टरीणबाई स्कूटरवर बसून निघाल्या, आणि विनेश बापाला फोन करत गाडीकडे धावला.

किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या सदाला बातमी कळली तेव्हा तो सुई तशीच टाकून घरी आला. सदा अबोल माणूस. समुद्रावर त्याचा शब्द चालायचा, जमिनीवर त्याने शब्द कधी फारसा वापरला नव्हता. पडवीत डॉक्टरीणबाई हातमोजे घालून गुडघ्यांवर बसलेल्या पाहून त्याने शकूला बाजूला ओढलं.

"शकू, काय केलंस ह्या? नाखवा मना ठेवल बोटीवर?"

"मरू देऊ काय तिला?"

सदाने तिचा हात सोडला. तोही त्या कुत्रीकडे बघत राहिला.

तिसरं पिल्लू मेलेलंच निघालं. त्याच्यामागून आलेली दोन जिवंत होती. डॉक्टरीणबाईंनी कुत्रीला सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि मग तिच्या पोटावरून हात फिरवताना त्या थांबल्या. पोट फाडून पिल्लं काढल्याच्या टाक्यांच्या जुन्या खुणा होत्या, एकीवर एक. त्यांनी पिशवीतून छोटं यंत्र काढून तिच्या मानेवरून फिरवलं. कातडीखाली बसवलेल्या चिपचा नंबर आला. त्यांनी तो अहवालाच्या कागदांशी ताडून पाहिला.

"ही विनेशच्या नावावर नोंदलेली आहे," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हणून दोन वर्षांपूर्वीच पुण्यात एका घरी दिली, अशी त्याने नोंद दिलीय. ही इथे कशी?"

मनुबाई पदर सावरत हळूच आपल्या घरी गेली आणि तिचं दार लागल्याचा आवाज आला. तिच्या घरातही एक होती ना. आळीत त्या वेळी कितीतरी घरांत होत्या, आणि प्रत्येक घरचा माणूस नाखव्याच्या बोटीवर होता.

तेवढ्यात गाडी थांबली. पुढे दादू नाखवा, मागे विनेश. नाखवा पांढरा सदरा, कपाळाला गंध, वयाने सत्तरीचा पण ताठ. त्याला येताना पाहून शकूने एक काम केलं. परसातल्या कडुनिंबाचा डहाळा ओरबाडून आणला आणि दाराच्या चौकटीत खोचला. घरात बाळंतीण असली की दारावर डहाळा लागतो, आणि मग विटाळ मानणारा माणूस उंबरा ओलांडत नाही. विटाळ पाळण्यात नाखव्याइतका कडक माणूस रेवदंड्यात दुसरा नव्हता. एका खलाशाच्या घरी बाळ झालं आणि तो न सांगता बोटीवर चढला, तर नाखव्याने भर खाडीतून बोट माघारी वळवली होती.

नाखवा डहाळा बघून उंबऱ्याशी थबकला.

"ह्या काय गो, शकू?"

"बालंतीन हाय घरान."

"कोन?"

शकूने पडवीतल्या कुत्रीकडे बोट दाखवलं. विनेश मागून हसला. "पप्पा, ही येडी झाल्येय. मी आत जाऊन घेऊन येतो."

"पाय तं टाक," शकू म्हणाली. आवाज चढवलाही नाही तिने. विनेशने बापाकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"कुत्रीचा कसला विटाल?" नाखवा गुरगुरला. "ती आमची हाय. दे हिकरं."

"हाय तुमची. मी कवा माजी बोलले? पन बालंत झायली माज्या घरान. बारा दिस ती हितून हलनार न्हाय. नाखवा, तुमची गाय व्याली तवा दहा दिस तिचा दूध तुमी चुलीवर चढू दिला न्हाय. गायीचा विटाल धरता नी हिचा न्हाय? हिच्या पोटची पिल्लां इकून तुमच्या पोरानं ती गाडी घेतलीय, जिच्यान बसून तुमी आयलाव."

आळीतल्या बंद दारांआडून कुणीतरी फस्सकन हसलं. नाखव्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. या माणसाला आयुष्यात खलाशाच्या बायकोने असं उत्तर दिलं नव्हतं. मला विचाराल तर ते फार आधीच कुणीतरी द्यायला हवं होतं.

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचीही अवस्था काही बरी नव्हती. सगळं ठीक असल्याचा, त्यांच्याच सहीचा अहवाल अजून पिशवीत होता. "शकूताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला आज सकाळी जे दाखवलं ते मी लिहिलं. ते मागे घ्यायला मी तयार आहे. पण नुसत्या माझ्या म्हणण्यावर हे टिकणार नाही. उद्या हे म्हणतील, कुत्री पळून तुमच्याकडे आली होती. मला तुमची तक्रार लागेल. लेखी, तुमच्या नावानिशी. ती इथे कुणी आणली, किती वर्षं आणतात, सगळं. आणि लपवणाऱ्यांत तुम्ही पण होतात, हेही त्यात येईल."

"येऊ दे," शकू म्हणाली. पण म्हणताना तिची नजर सदाकडे गेली.

नाखव्याला ती नजर बरोबर दिसली. माणसं कुठे वाकतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो शकूला सोडून सदाकडे वळला, आणि आवाजात एकदम लोणी आलं.

"सदा, बोट म्हंजे तुजा घर हाय. तुज्या बापासनं तुमी माज्याकरं हाव. बायकांच्या नादान बोट सोरनार काय? कुत्री विनेशच्या हातान दे, हिला सही करू देऊ नको. उद्या पाहाटं बोट सुटतंय. ये गुमान, नी मी सगला इसरलो."

नवऱ्याला शकू ओळखून होती. नाखव्यासमोर सदाची मान कायम खाली. दिवाळीला त्याच्या पाया पडायचा, वाटेत भेटला तर चप्पल काढून बाजूला व्हायचा. तांडेलकी त्याने वीस वर्षांत कमावली होती, आणि दुसऱ्या बोटीवर या वयात कोण त्याला सुकाणू देणार होतं? त्याने आता कुत्री उचलून दिली असती तर शकूने त्याला दोष दिला नसता. रागाने घर डोक्यावर घेतलं असतं, ती गोष्ट वेगळी.

सदा पडवीतून उंबऱ्यापर्यंत आला. कुत्रीच्या अंगावरून फिरवलेला हात त्याने लुंगीला पुसला.

"नाखवा, उद्या मना येता येनार न्हाय."

"का?"

"घरान बालंतीन हाय. विटालान सुकानूला हात लावायचा न्हाय. तुमीच शिकवलाव."

नाखव्याने डहाळ्याकडे पाहिलं. कुत्रीचा विटाळ नसतो म्हणावं, तर गायीचं दूध आडवं येत होतं. उंबरा ओलांडून आत शिरावं, तर अख्खी आळी फटींतून बघत होती, आणि नाखव्याने विटाळ मोडला ही बातमी संध्याकाळपर्यंत आगरदांड्याला पोचली असती. तो तसाच उभा राहिला, दोन पावलांवर, पोराच्या नव्या गाडीला पाठ टेकवून.

"बारा दिसांनी पन येऊ नको," तो शेवटी म्हणाला. "तुजी जागा गेली."

"बरा," सदा म्हणाला.

एवढंच. पण त्या एका शब्दाने शकूला जे झालं ते लग्नाच्या मांडवातही झालं नव्हतं. तिला रडू आलं, आणि नाखव्यासमोर रडायचं नाही म्हणून ती डॉक्टरीणबाईंवरच खेकसली, "लिवा ना बाय, कवाधरनं सांगतंय! काय वाट बगताव?"

गाडी वळली आणि गेली. आळीतलं एकही दार उघडलं नाही. शकूला त्याचा राग आला, पण त्या दारांआडच्या माणसांची पोटं कुठल्या बोटीला बांधलेली आहेत हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाकीची कुणाकुणाकडे आहेत?" तेव्हा तिने मान हलवली. "मी माज्या घराचा सांगतंय. त्यांचा त्यांना सांगू दे."

"ठीक आहे. ही एक पुरेशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या जोरावर मला कधीही, न सांगता, तिथे जाता येईल."

त्या पडवीतल्या पाटावर बसल्या, सकाळच्या अहवालावर एक तिरकी रेघ मारली, खाली सही केली, आणि नवा कागद घेतला. शकू उभ्याने सांगत होती आणि त्या लिहीत होत्या. टेम्पो कधीपासून येतो, कोण आणतं, किती दिवस ठेवतात. विनेशने फोनवर काय सांगितलं, तेही तिने त्याच्याच शब्दांत सांगितलं, "मेली तर मेली" सकट. सदा कुत्रीच्या तोंडाशी पेजेची वाटी धरून बसला होता. ती चाटत होती आणि चार पिल्लं तिच्या पोटाशी ढुशा देत होती.

"तक्रारदाराचं नाव?"

"शकुंतला सदाशिव झावरे."

"माजा पन लिवा," सदा वाटीवरून मान न उचलता म्हणाला.

दोन्ही नावं लिहून झाली. डॉक्टरीणबाई शेवटच्या रकान्याशी आल्या आणि थांबल्या. "इथे लिहावं लागतं, प्राणी सध्या कुणाच्या ताब्यात आहे. नोंदणी विनेशची, घर तुमचं. काय लिहू?"

"ताब्यान कुनाच्याच न्हाय," शकू म्हणाली. "बालंतीन हाय, माज्या घरान हाय, नी ती बरी होयपरत तिला कोनी उठवायची न्हाय. असा लिवा."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि त्या सरकारी रकान्यात तसंच्या तसं लिहिलं.